काँक्रीटचा क्यूब: भरण्यापासून फोडण्यापर्यंत

काँक्रीटची ताकद तपासायला त्याच मालाचे ठोकळे, म्हणजे क्यूब, मोल्डात (साच्यात) भरतात आणि २८ दिवसांनी मशीनवर दाबून फोडतात. क्यूब फेल गेला की पहिला फोन आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटला जातो. प्लांटवाले म्हणतात माल चोख होता, साइटवाले म्हणतात रिपोर्ट बघा. या वादात क्यूब कोणी भरला, पहिले चोवीस तास कुठे ठेवला आणि मशीनवर कसा बसवला, हे विचारायचं राहूनच जातं. आणि क्यूबच्या चुका जवळपास सगळ्या एकाच दिशेने जातात. कमी ठोकला, उन्हात राहिला, गुण्यात (काटकोनात) नसलेल्या मोल्डात भरला, मशीनवर सरकून बसला, तरी आकडा खालीच येतो. खोटा वर जाण्याचे रस्ते मोजके आहेत, ते पुढे येतील. म्हणजे चांगल्या काँक्रीटचा क्यूब फेल करणं फार सोपं आहे आणि त्याची किंमत शेवटी कोअर (बांधलेल्या काँक्रीटमधून ड्रिलने कापलेला नळकांडी नमुना) काढून मोजावी लागते.

इथे दिलेली पद्धत १५० मिमीच्या क्यूबची आहे. मूळ आधार आयएस (भारतीय मानक) ५१६. हे १९५९ चं मानक आता भागाभागांत नव्याने आलं आहे आणि दाबशक्तीची चाचणी २०२१ च्या भाग १, विभाग १ मध्ये आहे. नमुना घेणं आणि क्यूब भरणं आयएस ११९९ मध्ये, मोल्डची मापं आयएस १००८६ मध्ये, तर किती नमुने घ्यायचे आणि पास-फेल कसं ठरवायचं हे आयएस ४५६:२००० मध्ये. टेंडरमध्ये कोणती आवृत्ती लिहिली आहे ते काम सुरू होण्याआधीच बघून ठेवा.

किती क्यूब भरायचे

आयएस ४५६ प्रमाणे १ ते ५ घनमीटरला एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार. त्यापुढे प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक वाढवायचा. शिवाय प्रत्येक शिफ्टला किमान एक.

इथे घोळ होतो तो ‘नमुना’ म्हणजे एक क्यूब असं धरल्यामुळे. एक नमुना म्हणजे एकाच जागचा, एकाच वेळी घेतलेला माल आणि त्यातून भरलेले तीन क्यूब. तिघांची सरासरी हा एक निकाल. ४२ घनमीटरचा स्लॅब असेल तर चार नमुने, म्हणजे २८ दिवसांसाठी १२ क्यूब. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर त्याचे १२ वेगळे. तीन वेगवेगळ्या ट्रान्झिट मिक्सरमधून (काँक्रीट आणणाऱ्या ट्रकमधून) एकेक क्यूब भरून त्याला एक नमुना म्हणणं चूक आहे. त्यात मालाचा फरक आणि भरण्याचा फरक एकमेकांत मिसळतात आणि नंतर काहीच सांगता येत नाही.

मोल्ड

मोल्ड बिडाचा किंवा पोलादाचा असावा. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर १५० मिमी, फरक ०.२ मिमीपर्यंत चालतो. कोन ९० अंश, फरक अर्धा अंश. आतला पृष्ठभाग सपाट, फरक ०.०३ मिमी. साइटवर हे तपासायला व्हर्निअर कॅलिपर, चांगला गुण्या, स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) एवढं पुरे. पट्टी उभी धरा, खाली ०.०३ ची पाती घुसते का बघा. घुसली तर त्या बाजूने बनलेला क्यूब मशीनच्या प्लेटवर पूर्ण टेकणार नाही, सगळा भार उंचवट्यावर येईल.

बाजू भरपूर वापरलेल्या मोल्डाच्याच जातात असं नाही. हातोड्याने ठोकून उघडलेला नवा मोल्डही महिनाभरात जातो. एका मोल्डाच्या बाजू दुसऱ्याला लावू नका, प्रत्येक भागावर नंबर पंच करून घ्या. प्लास्टिकचे एकसंध मोल्ड हलके असतात, हवेच्या दाबाने क्यूब झटकन निघतो, पण उन्हात पडून राहिले की बाजू फुगतात. ते वापरायचेच तर मापं जास्त वेळा घ्या.

जोडताना सांध्यांना ग्रीसचा पातळ थर द्या म्हणजे पाणी-सिमेंट गळणार नाही. आतून ऑइल कापडाने पुसून लावा. तळाशी साचलेलं ऑइल क्यूबच्या कडांना भोकं पाडतं. बेसप्लेट बोल्टने घट्ट बसलेली हवी. खालून रस गळाला तर त्या कोपऱ्यात नुसती खडी उरते.

माल कुठून घ्यायचा

मिक्सरमधून पहिला पाव घनमीटर सोडून द्या आणि शेवटचाही घेऊ नका, कारण सुरुवातीला खडी जास्त आणि शेवटी रस जास्त येण्याची शक्यता असते. मधल्या मालातून दोन-तीन वेळा थोडा थोडा घ्या, च्यूटच्या (माल ओतणाऱ्या पन्हळीच्या) पूर्ण धारेखाली घमेलं धरून. एका क्यूबला ३.३७५ लिटर माल लागतो. सहा क्यूबना वीस लिटर भरतात, म्हणून तीस लिटर तरी घ्या. स्लम्पला (माल किती ढिला आहे ते बघणाऱ्या चाचणीला) लागतो तो वेगळा. घेतलेला माल पाणी न शोषणाऱ्या पत्र्यावर ओतून फावड्याने पुन्हा एकजीव करा. कोरड्या जमिनीवर किंवा गोणीवर ओतलेला माल पाणी गमावतो.

स्लम्प बघून झाल्यावर ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी घातलं, तर आधी घेतलेला नमुना रद्द समजा. पाणी घातल्यानंतरचा मालच स्लॅबमध्ये जाणार आहे, क्यूब त्याचाच हवा. चलानवर पाणी घातल्याची नोंद करून सही घ्या. हे अवघड वाटतं, पण २८ दिवसांनी याच सहीचा उपयोग होतो.

क्यूबसाठी मोठी खडी वेचून काढणं, वरून मूठभर सिमेंट टाकणं, असेही प्रकार चालतात. त्याने रिपोर्ट चांगला येतो, स्लॅब होता तसाच राहतो.

भरणं आणि ठोकणं

पूर्ण पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि साइटवर तो सगळ्यात नवख्या माणसाकडे दिलेला असतो. काँक्रीटमध्ये एक टक्का हवा अडकली तर ताकद साधारण पाच ते सहा टक्के घटते. पाच टक्के राहिली तर तीस टक्क्यांच्या आसपास जाते. एम-३० चा माल त्या क्यूबात एम-२० सारखा दिसायला तेवढं बास आहे (एम पुढचा आकडा म्हणजे ग्रेड, २८ दिवसांची ताकद न्यूटन प्रति चौ.मिमीत).

रॉड १६ मिमी व्यासाचा, ६०० मिमी लांब आणि टोक गोलसर. साइटवरची कापलेली सळई नको, तिच्या सपाट टोकाने खडी खाली ढकलली जाते आणि रॉड काढला की मागे भोक राहतं. माल तीन थरांत, प्रत्येक थर सुमारे ५० मिमी. प्रत्येक थराला किमान ३५ ठोके, कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत सगळीकडे सारखे. पहिल्या थराला रॉड तळापर्यंत जाऊ द्या, पुढच्या थरांना खालच्या थरात थोडा शिरेल इतका. थर पूर्ण झाला की मोल्डाच्या चारही बाजूंना रबरी हातोडीने हलके ठोके द्या, वर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मोल्ड एकदम गच्च भरून वरून शंभर ठोके मारले तरी तळाच्या कोपऱ्यातली हवा निघत नाही. आकडा ठोक्यांचा पाळला जातो, काम होत नाही.

व्हायब्रेटर वापरायचा असेल तर टेबल व्हायब्रेटर उत्तम. स्लॅबच्या व्हायब्रेटरची ६० मिमीची सुई १५० मिमीच्या मोल्डात घालू नका. ती बाजूंना लागते, रस एकीकडे आणि खडी दुसरीकडे होते. आरएमसीचा १२०-१५० मिमी स्लम्पचा माल असेल तर हाताने ठोकणंच बरं.

शेवटचा थर किंचित वर भरा आणि थापीने मोल्डाच्या कडेला समतल करा. वरच्या बाजूला फार मायेने घोटाई करू नका, त्या बाजूवर भार येणारच नाही. ओळख म्हणून खिळ्याने काही कोरायचं तर याच बाजूवर, आणि उथळ. सही केलेली चिठ्ठी काँक्रीटच्या आत पुरण्याची पद्धत काही कामांवर दिसते. अदलाबदल थांबावी हा हेतू रास्त आहे, पण कागदाची घडी म्हणजे क्यूबच्या पोटातली पोकळी. त्याऐवजी साक्षीदार इंजिनिअरने वरच्या बाजूला सही कोरावी.

पहिले चोवीस तास

मानक सांगतं: ओलसर हवा, आर्द्रता किमान ९० टक्के, तापमान २७ अंश सेल्सियस, दोन अंश इकडे-तिकडे. पाणी घातल्यापासून २४ तास, अर्धा तास मागे-पुढे. साइटवर याचं भाषांतर असं: छपराखालची सपाट, न हादरणारी जागा, वर ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक. जनरेटरजवळ नको, मिक्सर येता-जाता जमीन थरथरते तिथेही नको. मोल्ड भरून मग उचलून नेणं टाळा. जिथे ठेवायचे तिथेच भरा.

चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला क्यूब पहिल्या रात्रीच जास्त तापतो. गरम राहिलेलं काँक्रीट लवकर ताकद पकडतं, पण २८ दिवसांची कमी पडते. म्हणून सात दिवसांचा रिपोर्ट झकास आणि अठ्ठाविसाव्या दिवशी नाराजी, असं उन्हाळ्यात घडतं. निफाडच्या जानेवारीत उलट: पारा एक आकडी गेला की चोवीस तासांनीही क्यूब कच्चा असतो, मोल्ड उघडताना कडा गळतात. तिथे रात्री बंद खोलीत ठेवा. मिश्रणात रिटार्डर (काँक्रीट घट्ट होणं लांबवणारं रसायन) जास्त असेल तरी हेच होतं. नखाने कड उठत असेल तर मोल्ड उघडू नका, थोडं थांबा आणि किती वेळ थांबलात ते लिहा.

बोल्ट सोडून बाजू हाताने सरकवा. अडकली तर लाकडी ठोकळ्याने हलका धक्का द्या. निघाल्याबरोबर लगेच वॉटरप्रूफ मार्करने किंवा रंगाने भरल्याची तारीख, ग्रेड, जागा, क्रमांक लिहा, तेही वरच्याच बाजूला, आणि क्यूब टाकीत सोडा.

टाकीतलं पाणी स्वच्छ, २७ अंशांच्या आसपास, दर सात दिवसांनी बदललेलं. चुन्याचं संपृक्त पाणी आणखी चांगलं, त्याने क्यूबमधला चुना बाहेर झिरपत नाही. क्यूब एकमेकांना चिकटवून रचू नका, चारही बाजूंनी पाणी फिरू द्या. टाकी उघड्यावर असेल तर वर सावली करा. काळ्या प्लास्टिकच्या पिंपातलं पाणी दुपारी किती तापतं ते थर्मामीटर घालून एकदा बघाच. लॅबला नेताना ओल्या गोणपाटात गुंडाळा, टेम्पोत मोकळे आपटू देऊ नका. तुटलेल्या कडेचा क्यूब मशीनवर लवकर फुटतो.

मशीनवर

वय पाणी घातलेल्या क्षणापासून मोजतात, मोल्ड उघडल्यापासून नाही. क्यूब टाकीतून काढा, पृष्ठभागावरचं पाणी आणि वाळूचे कण पुसा, मापं घ्या, वजन करा आणि ओला असतानाच फोडा. वाळलेला क्यूब ओल्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो. खोटा आकडा वर नेणारा पहिला रस्ता हा. लॅबला क्यूब कोरडा पोहोचला असेल तर २४ तास पाण्यात ठेवून मगच फोडायचा.

वजन ही फुकटात मिळणारी माहिती आहे आणि बहुतेक रिपोर्टांत ती नुसती रकाना भरायला असते. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टच्या खडीने साधारण ८.४ ते ८.७ किलोचा क्यूब होतो, हलक्या दगडाने त्याहून कमी. तिघांपैकी एकच लक्षणीय हलका असेल तर तो नीट ठोकलेला नाही, फोडण्याआधीच समजा.

प्लेटी ब्रशने साफ करा. आधीच्या क्यूबचा एक खडा खाली राहिला तरी भार टोकावर येतो. क्यूब बाजूवर आडवा ठेवा, म्हणजे मोल्डाला टेकलेल्या दोन समोरासमोरच्या बाजू वर-खाली येतील आणि थापी फिरवलेली बाजू तुमच्याकडे तोंड करेल. घोटलेली बाजू प्लेटखाली गेली तर निकाल हमखास कमी. खालच्या प्लेटवरच्या खुणांवर क्यूब बरोबर मध्यात बसवा, मध्ये पुठ्ठा किंवा प्लायवूड घालू नका. वरची प्लेट टेकताना हाताने हलकी फिरवा म्हणजे तिचा गोल सांधा क्यूबच्या पृष्ठभागाशी जुळवून घेईल. हा सांधा गंजून अडकलेला मशीन वापरातून काढा, कितीही ताजं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असो.

भार मिनिटाला चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन या गतीने, झटका न देता. १५० मिमीच्या क्यूबला हे सेकंदाला सुमारे ५.२ किलोन्यूटन होतं. म्हणजे ७०० किलोन्यूटनला फुटणाऱ्या क्यूबला सव्वादोन मिनिटं लागायला हवीत. घड्याळ लावून बघा: चाळीस सेकंदांत फुटत असेल तर ऑपरेटरला जेवायला जायचं आहे, आणि आकडा खोटा वर गेला आहे. हातपंपाच्या मशीनवर ही गती पाळणं कठीण, व्हॉल्व्हने नियंत्रण होणारं मशीनच धरा.

क्यूब फुटल्यावर त्याचा आकार बघून मग उचला. चारही उघड्या बाजू सारख्या सोलून मध्ये डमरूसारखा भाग उरला तर चाचणी नीट झाली. एकच बाजू तुटली, कोपरा उडाला, किंवा एका कडेपासून तिरकी चीर गेली, तर भार एकसारखा नव्हता. रिपोर्टमध्ये त्याचा फोटो मागा.

हिशेब

१५० मिमीच्या क्यूबचं क्षेत्र २२,५०० चौ.मिमी. किलोन्यूटनला २२.५ ने भागलं की सरळ न्यूटन प्रति चौ.मिमी येतात. जुन्या मशीनची डायल टनात असते, टनाला ९.८१ ने गुणा, दहाने नको. दहाने गुणलं तर निकाल दोन टक्क्यांनी फुगतो आणि काठावरचे क्यूब त्यात पास होऊन जातात.

एम-२५ चे तीन क्यूब समजा असे फुटले:

पहिला: ८.५६ किलो, ७०९ किलोन्यूटन, ३१.५
दुसरा: ८.५१ किलो, ६८० किलोन्यूटन, ३०.२
तिसरा: ८.२० किलो, ५३६ किलोन्यूटन, २३.८

सरासरी २८.५. प्रत्येक क्यूब सरासरीच्या १५ टक्क्यांत हवा, म्हणजे २४.२ ते ३२.८. तिसरा त्याबाहेर आहे, म्हणून हा नमुनाच अवैध. तिसरा टाकून उरलेल्या दोघांची सरासरी ३०.९ लिहिण्याची मानकात सोय नाही, आणि २८.५ पास म्हणून लिहिण्याचीही नाही. वजन बघा: तिसरा बाकीच्यांपेक्षा चार टक्के हलका आणि ताकद तेवीस टक्क्यांनी कमी. हवेचा हिशेब जवळपास तंतोतंत जुळतो. पुढच्या वेळी माल बदलण्याआधी ठोकणारा माणूस बदला.

नमुना वैध असेल तर पास-फेलच्या दोन अटी, दोन्ही एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. एक, प्रत्येक नमुन्याचा निकाल ग्रेडच्या आकड्यातून ३ वजा करून येईल त्याहून कमी नको. एम-२५ ला २२. दोन, सलग चार नमुन्यांची सरासरी ग्रेड अधिक ३, किंवा ग्रेड अधिक प्रमाण विचलनाच्या ०.८२५ पट, यातलं जे मोठं ते गाठायला हवी. एम-२५ ला विचलन ४ धरलं तर ०.८२५ पट ३.३ होतं, ते जवळच्या अर्ध्याला आणलं की ३.५, म्हणजे सरासरी २८.५ हवी. २५ चे सगळे क्यूब २६-२६ आले म्हणून खूश होणाऱ्यांना ही दुसरी अट सहसा माहीत नसते.

सात दिवसांचा निकाल हा अंदाज आहे, त्यावर पास-फेल ठरत नाही. साध्या ओपीसीला (साध्या पोर्टलँड सिमेंटला) तो २८ दिवसांच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) किंवा फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेल्या मालाला त्याहून कमी येतो आणि नंतर भरून निघतो, त्यामुळे घाबरून सिमेंट वाढवू नका.

आणि संशय उलट्या बाजूनेही घ्या. महिनाभराचे सगळे निकाल ३२.१, ३२.४, ३२.२ असे एका रांगेत असतील तर ते मशीनवरून आलेले नाहीत. मानकच एम-२५ ला ४ चं विचलन गृहीत धरतं. खऱ्या साइटचे आकडे वर-खाली होतात.

खरंच फेल असेल तर

आधी रजिस्टर उघडा: वजन, फुटण्याचा आकार, मोल्ड नंबर, टाकीचं तापमान. त्याच मोल्डाचे आधीचे क्यूबही कमी आले असतील तर मोल्ड मोजा. मशीनचं कॅलिब्रेशन वर्षाच्या आतलं आहे का बघा. यातून काही सापडलं नाही तरच कोअर.

ज्या भागात तो माल गेला तिथूनच किमान तीन कोअर घ्यावे लागतात, म्हणून कुठला मिक्सर कुठे ओतला याचा नकाशा भरण्याच्या दिवशीच काढलेला हवा. कोअरचा निकाल उंची-व्यासाच्या प्रमाणानुसार दुरुस्त करून क्यूबच्या ताकदीत बदलतात. सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. एम-२५ ला २१.२५ आणि १८.७५. ड्रिल लावण्याआधी कव्हर मीटर फिरवून सळया शोधा. बीमच्या तळाची मुख्य सळई कापली गेली तर क्यूबच्या वादापेक्षा मोठं काम अंगावर येतं. कॉलममध्ये कोअर वरच्या टोकाला घेऊ नका, पाणी वर चढल्यामुळे तिथलं काँक्रीट खालच्यापेक्षा कमजोर असतं. कोअर काढल्यावर भोक न आकसणाऱ्या ग्राउटने त्याच दिवशी भरून टाका.